बिबट्या पालीचें उपाशी पिलूं

अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतांतील रुक्ष, खडकाळ मुलखांत राहणारी ‘लेपर्ड गेको’ म्हणजे बिबट्या पाल आज युरोप-अमेरिकेंत हौसेनें पाळली जाते. (आपल्या भिंतीवरील पालीला डोळे मिटतां येत नाहींत, हिला येतात.) तिचें पिलूं नव्या घरीं आलें कीं पुष्कळदां अन्नाला तोंड लावीत नाहीं. मग धनी घाबरतो, घटकेघटकेला झांकण उघडतो, पिलूं हातांत घेतो. हा लळाच त्याच्या जिवावर उठतो.

कारण पिलूं बहुधा भीतीनें व गारठ्यानें अन्न नाकारीत असतें. पहिला आठवडा तरी त्याला हात लावूं नये. पेटीच्या एका बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस उबदार हवी. त्या उबेवांचून त्याला पचन होत नाहीं. दुसरी बाजू थंड ठेवावी, आणि दोन्हीकडे लपावयास जागा असावी. सांजवेळीं जिवंत रातकिडे कॅल्शियमच्या भुकटींत घोळवून सोडावे. पिलाच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा किडा नको. भक्ष्य हललें म्हणजेच त्याची नजर तिकडे वळते. उरलेले किडे मात्र काढून घ्यावे, नाहींतर ते पिलालाच कुरतडतात! घरच्या घरीं जबरीनें तोंड उघडून भरविणें हा तर शुद्ध अविचार होय.

शेपटी हें या प्राण्याचें चरबीचें कोठार. ती रोडावूं लागली, तर पशुवैद्याकडे जाण्यास एक दिवसहि दवडूं नये.