पिल्ले एकमेकांना का टोचतात?

(सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवालाच्या वेळेत मी आज कोंबड्यांविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षीच्या नाताळदानातून आपण सातपुड्यातल्या एका पाड्यावर बारा घरांना प्रत्येकी 20 पिल्ले दिली. हातात पिल्लू धरून हसणाऱ्या बायांचा फोटो आपल्या अंकात आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. फोटोनंतर काय झाले ते मी लिहिले नव्हते. पैसा तुमचा होता आणि चूक माझी होती, म्हणून आज सांगतो.

वाटप जानेवारीत झाले. तिसऱ्या आठवड्यात एक ताई सकाळी सकाळी टोपली घेऊन खाली आमच्या केंद्रावर आल्या. वरचे फडके काढले तर आत चार मेलेली पिल्ले. पाठी उघड्या पडलेल्या, शेपटीच्या मुळाशी मांस खाल्लेले. त्या म्हणाल्या, "दादा, तुमची कोंबडी आपल्याच भावाला खाते." मला पहिल्यांदा वाटले मुंगूस असेल. पण मुंगूस मान धरतो, आणि डालग्याला कुठे भोक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, तोवर गोष्ट पिल्लांपुरती राहिली नव्हती. पाड्याच्या टोकाला एक एकटी आजी राहते. आमच्या यादीत तिचे नाव नव्हते. एकटी म्हातारी काय पाळणार, असे आम्हीच ठरवले होते. आता लोक बोलू लागले होते की तिला पिल्ले मिळाली नाहीत आणि तिच्या घरच्या गावठी कोंबड्यांना मात्र काही होत नाही. पुढचा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. पण आपल्या भागात 'डाकीण' हा शब्द काय करू शकतो हे इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला. तरी कायदा गुन्हा घडल्यावर धावून येतो, कुजबुज त्याच्या आधी चालू होते.

म्हणून कारण शोधणे तातडीचे होते. मी बारापैकी नऊ घरांत बसलो, नुसता पाहत राहिलो.

थंडीच्या आणि रानमांजराच्या भीतीने वीसही पिल्ले दिवसरात्र एकाच डालग्याखाली. त्या वयाच्या पिल्लाला निदान एक चौरस फूट जागा लागते. इथे पाय ठेवायला जागा नव्हती. आत खाण्याची एकच थाळी, दांडगी पिल्ले तिच्याभोवती आणि लहानखुरी मागे. थाळीत मक्याचा भरडा, दुसरे काही नाही. वर आम्हीच दिलेला सौर दिवा रात्रभर लख्ख पेटलेला. तो दिवा द्यायची कल्पना माझी. पिल्लांना ऊब मिळेल असे मी सांगितले होते. एलईडी दिव्याला ऊब कसली? त्याचा नुसता उजेड. पिल्ले गारठत होती, झोपत नव्हती, आणि त्या पांढऱ्या उजेडात एकमेकांचे अंग स्वच्छ दिसत होते.

आता थोडे शास्त्र सांगतो, कारण हे समजले की उपाय आपोआप सुचतो. कोंबड्यांमध्ये मान असतो. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, हे कळपात ठरलेले असते. थोर्लीफ श्येल्डरुप-एब्ब नावाच्या नॉर्वेतल्या माणसाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि 1922 साली हा क्रम शास्त्रीय लेखात मांडला. आपल्या बायांना तो आधीपासून ठाऊक आहे. कोणती कोंबडी पाटलीण आहे हे त्या बोट दाखवून सांगतात. ही टोचाटोची डोक्यावर, तुऱ्यावर होते, पटकन होते आणि मिटते. तिच्यात पडू नये. क्रम ठरला की कळप शांत होतो.

पाठीची पिसे उपटणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात राग नसतो, आणि हे मला स्वतःला नवीन होते. कोंबडी दिवसभर माती उकरते, चोच मारते, किडा शोधते. तिला ते करायला जमीनच मिळाली नाही तर ती चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. मक्यात प्रथिने शेकडा 9 च्या आसपास. वाढत्या पिल्लाला 20 च्या जवळपास लागतात. अंगाला जे हवे ते थाळीत नाही, मग ते पिसात शोधले जाते. पिसू-उवा झाल्या असतील तर आणखी वाईट. एकदा का रक्त दिसले की मग तिसरा प्रकार सुरू होतो. लाल रंगाकडे सगळी धावतात आणि जखमी पिल्लू तासाभरात संपते. टोपलीतली चार पिल्ले अशी गेली.

आम्ही काय केले? दिवे काढून घेतले. रात्री मडक्यात राखेखाली निखारे, वर सच्छिद्र झाकण, धूर होणार नाही याची काळजी. दिवसा दारापुढे बांबूच्या कुडाचे आवार, वर जुने जाळे. दोन थाळ्या, दोन्ही लांब लांब, म्हणजे दांडग्याला दोन्हीकडे पहारा करता येत नाही. मक्यात भुईमुगाची पेंड आणि चिमूटभर मीठ. पोरे वारूळ फोडून वाळवी आणू लागली. पिल्ले तिच्यावर अशी तुटून पडत की पाठी विसरत. पालेभाजीची जुडी चोचीच्या उंचीवर टांगली. उड्या मारून तोडायची आणि खायची, त्यात दिवस जातो.

जखमी पिल्लू लगेच बाजूला काढायचे, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. जखमेवर तेलात कालवलेली हळद, म्हणजे लाल दिसत नाही. मात्र त्याला घरामागे नेऊन ठेवू नका. त्याच आवारात उपड्या टोपलीखाली ठेवा, सगळ्यांना दिसेल असे. आठ-दहा दिवस नजरेआड गेलेले पाखरू परतले की कळपाला परके वाटते आणि मानाची भांडणे पुन्हा पहिल्यापासून. नवीन कोंबडी आणायची असेल तर तिलाही आधी काही दिवस जाळीपलीकडे ठेवावे, शक्यतो दोघी एकदम आणाव्यात आणि अंधार पडल्यावर खुराड्यात सोडाव्यात.

चोच कापण्याचा सल्ला एका हितचिंतकाने दिला. मोठ्या पोल्ट्रीत ते करतात. परसात चरणाऱ्या कोंबडीची चोच म्हणजे तिचे हातही आणि विळाही. ती तोडून तिला चरायला सोडणे मला पटले नाही, आणि गरजही पडली नाही. आवार झाल्यावर दोन आठवड्यांत पिसे उपटणे जवळजवळ थांबले. तोवर बारा घरांत मिळून 70 पिल्ले गेली होती. हा आकडा हिशेबाच्या कागदावर आहे, कोषाध्यक्षांकडे पाहायला मिळेल.

मग मी पाड्यावरच्या चार बायांना घेऊन त्या आजीकडे गेलो. तिची पिल्ले धडधाकट का, हे तिलाच विचारले. ती हसली. म्हणाली, "त्यांना आई आहे." खरेच होते. तिच्या अंगणात खुडूक कोंबडीमागे नऊ पिल्ले चरत होती. आई माती उकरते, टकटक आवाज करून दाखवते, पिल्ले मातीत चोच मारायला शिकतात. आईसोबत वाढलेली पिल्ले एकमेकांची पिसे कमी टोचतात, असे अभ्यासकांनाही आढळले आहे. आमची पिल्ले यंत्रातून निघून खोक्यात बसून आली होती. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते हा दाखला प्रभूने यरुशलेमविषयी दिला. मी त्यावर उपदेशही केला आहे. पण वाटपाच्या दिवशी तो मला आठवला नाही.

आजीने युक्ती सांगितली. कोंबडी अंड्यांवर पुरती बसली की रात्री, काळोखात, अंडी काढून तिच्या पोटाखाली एक-दोन दिवसांची पिल्ले सरकवायची. सकाळी ती त्यांना आपली म्हणते. दिवसा करून पाहिले तर मारते. फेब्रुवारीत तीन घरांत तसे केले, तिन्ही ठिकाणी जमले. आता बाया खुडूक कोंबडीसाठी आजीकडेच जातात. कुजबुज पूर्ण संपली असे मी म्हणणार नाही. दोन घरे अजून तिच्या दारावरून जात नाहीत.

यंदा म्हणून मी कमी पिल्ले मागतो आहे. घरामागे आठच, आणि उरलेल्या पैशांत बांबू, जाळे, पेंड व राणीखेतची लस. फोटोत आठ पिल्ले कमी दिसतील, त्याला इलाज नाही. यादी या वेळी पाड्यावरच्या बाया करतील आणि पहिले नाव आजीचे आहे.

(भाषणानंतर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "मग सुधारित जात हवीच कशाला? सगळ्या गावठीच द्या.")

प्रश्न योग्य आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 50 ते 60 अंडी देते, हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा परसातही 100 च्या पुढे जाते. घरात अंडे लेकरांच्या तोंडी लागायचे असेल तर हा फरक मोठा आहे. पण वनराजा क्वचितच खुडूक बसते. म्हणून आम्ही सांगतो की वनराजा ठेवा, आणि एक तरी गावठी विकू नका. कोंबडे मात्र आठ-दहा माद्यांमागे एकच. दुसरा सणाला कापा किंवा बाजारात न्या. दोघे राहिले तर आवारात रोज भांडण आणि माद्यांच्या पाठी सोललेल्या. मागच्या रविवारी वर गेलो तेव्हा एका घरी दोन्ही कोंबडे तसेच फिरत होते. ताई म्हणाल्या, "दादा, एकाला पोराने नाव ठेवलंय." आता त्याचे काय करायचे ते त्यांचे ठरायचे आहे.