सरकारी चौकातला देखावा आणि आपली शाळा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)





सरकारी जागेत धर्माचा देखावा असावा काय, हा आजचा विषय आहे. आपल्याकडे हा प्रश्न निघाला की डोकी तापतात. म्हणून मी थोडे दूरचे, अमेरिकेतले उदाहरण घेतो. अमेरिकेची घटना सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करू देत नाही. पण देशात बहुसंख्या ख्रिस्ती लोकांची आहे. वादाचे मूळ येथेच आहे.

ऱ्होड आयलंड राज्यात पॉटकेट नावाचे शहर आहे. तेथील नगरपालिका दर नाताळात बाजारपेठेतील एका बागेत देखावा उभारीत असे. त्यात सांताक्लॉजचे घर, दिवे, नाताळचे झाड आणि येशूजन्माच्या मूर्ती असत. या मूर्ती १९७३ साली नगरपालिकेने १३६५ डॉलरना घेतल्या होत्या. बाग खाजगी संस्थेची, पण देखावा सरकारी! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी देखावा वैध ठरला. मात्र बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी स्वतंत्र निकालपत्रात एक कसोटी सांगितली. सरकारने एखाद्या धर्माची पाठराखण केली, तर तो न मानणाऱ्याला आपण या समाजात परके आहोत असा निरोप जातो. तसा निरोप जाता कामा नये.

१९८९ साली पिट्सबर्गच्या दोन देखाव्यांना ही कसोटी लावली गेली. काउंटी न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर येशूजन्माचा देखावा होता आणि वर देवाच्या गौरवाचे लॅटिन वचन होते. तो घटनाबाह्य ठरला. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्ष, शेजारी यहुद्यांचा १८ फुटी दीपवृक्ष आणि स्वातंत्र्याला वंदन करणारा फलक होता. तेथील दीपवृक्षाला न्यायालयाने हरकत घेतली नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९९७ च्या डिसेंबरात व्हाइट हाउसजवळच्या मैदानात नाताळवृक्ष आणि दीपवृक्ष यांच्या जोडीला प्रथमच चांदतारा उभा राहिला. थोड्याच दिवसांत कोणीतरी त्यावर हिटलरच्या पक्षाचे चिन्ह रंगविले आणि तारा पळविला. परवानगी कायद्याने मिळते. आदर शेजाऱ्याच्या मनातूनच यावा लागतो.

पुढे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ओ'कॉनर यांची कसोटी बाजूला ठेवली आणि इतिहास व परंपरा पाहण्यास सांगितले. मित्रांनो, परंपरा बहुधा संख्येने जास्त असणाऱ्यांचीच असते. त्यामुळे माझ्या मते जुनी कसोटीच अधिक माणुसकीची होती.

पण ती कसोटी आपण केवळ इतरांना लावायची काय? आपल्या संस्थेत इतर धर्मांची मुलेही शिकतात. शाळेची इमारत सरकारी नाही हे खरे. पण अनुदान सरकारी आहे. घटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसविता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते.

एका वर्षी मिलादच्या कार्यक्रमाला आम्ही सर्वांची हजेरी सक्तीची केली. दुसऱ्या धर्माची एक मुलगी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिच्या वडिलांना आम्ही विचारले नव्हते आणि तेही कधी तक्रार घेऊन आले नाहीत. ते गप्प राहिले, याचा अर्थ राजी होते असा मी त्या वेळी घेतला. बाहेरच्या जगात आपली मुले अशीच गप्प बसतात तेव्हा त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्याला बरोबर कळतो! ती चूक आमची होती आणि ठराव मांडणारा मीच होतो.

पालकहो, आपला सण आनंदाने साजरा करा, मुलांना आपला धर्म जरूर शिकवा. परंतु जेथे आपला अधिकार चालतो, तेथे शेवटच्या बाकावर कोण बसले आहे हे आधी पाहा. सरकारकडून आपण जे मागतो, ते आपल्या शाळेत आपण प्रथम देऊ या. मग आपल्या मागणीला वजन येईल.