वेगळा केलेला कचरा वेगळाच राहावा



संभाजीनगरहून अजिंठा लेण्यांकडे निघालेला प्रवासी घाट उतरून फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतो. खाजगी वाहन तेथे ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर त्याला बसने जावे लागते. लेण्यांना १९८३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु प्रवासी जेथे थांबतो, तेथे त्याची रिकामी बाटलीही थांबते. ती वाऱ्याने उडाली की वाघूरच्या पात्रात जाते आणि वाघूर पुढे तापीला मिळते.

ग्रामजीवनाला कचरा नवा नाही. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यात पडे आणि पेरणीपूर्वी खत होऊन शेतात जाई. उकिरडा ही शेतकऱ्याची ठेवच होती. तिच्यात प्लॅस्टिक शिरले आणि तिचा कस गेला. पिशवी कुजत नाही; ती शेतात किंवा गुरांच्या पोटात जाते.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन वर्ग सांगितले. नियम सोपा होता. अडचण दारापुढे सुरू होते. घंटागाडी येते तेव्हा घरची माणसे शेतावर गेलेली असतात. गृहिणीने दोन डब्यांत निवडून ठेवलेला कचरा तिच्या डोळ्यांदेखत गाडीत एकत्र ओतला जातो. दुसऱ्या दिवशी ती निवडण्याचे सोडून देते. यात दोष तिचा नव्हे. तिने केलेले काम व्यवस्थेने मोडलेले असते.

त्याचे मोल किती मोठे असते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. तेव्हाच्या औरंगाबाद शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे नारेगावला पडत होता. दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसणाऱ्या ग्रामस्थांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये गाड्या अडवल्या. शहरात ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिटा येथे कचऱ्याच्या गाड्यांवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहराने जे घरात निवडले नाही, ते कोणत्याही गावाने आपल्या वेशीत घेतले नाही.

उपाय दूरचे नाहीत. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे नाडेप टाके दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते. भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवून काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. सुक्या कचऱ्यासाठी पुण्याचे उदाहरण पुढे आहे. तेथे १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. गावोगाव फिरणारा भंगारवालाही हेच काम करतो; त्याला हुसकावण्याऐवजी ठरलेला वार आणि ठरलेली जागा द्यावी.

ग्रामपंचायतीने गाडीत दोन कप्पे करावेत, फेरीची वेळ ग्रामसभेत स्त्रियांना विचारून ठरवावी आणि ती पाळावी. शिक्षकांनी शाळेच्या आवारात एक टाके बांधून मुलांच्या हाती खत द्यावे. दंडाची पावती त्यानंतरची. घरात वेगळा झालेला कचरा अखेरपर्यंत वेगळाच राहतो, हे एकदा डोळ्यांना दिसले की गृहिणीला पुन्हा सांगावे लागणार नाही.