शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा
(नभोवाणीवरील भाषण)



पांढुर्णा-सौंसरकडच्या घरात मूल अत्यवस्थ झाले की घरच्यांचे पाय नागपूरकडे वळतात. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु कठीण दुखण्यात अजूनही पुष्कळदा नागपूरच गाठावे लागते. छिंदवाड्याचा नागपूरकडे जाणारा रस्ता सौंसरवरूनच जातो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जी बालके नागपूरला नेण्यात आली, त्यांची आठवण या भागात कोण विसरेल? 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. त्याने मूत्रपिंडे निकामी होऊन छिंदवाडा व आसपासची वीसांहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते.

औषध बनविणाऱ्याची, लिहून देणाऱ्याची आणि तपासणाऱ्या खात्याची चर्चा झाली. ती व्हावयासच हवी होती. परंतु अशा बालकाच्या उशाशी रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला? मूत्रपिंडे बंद पडलेल्या मुलाच्या लघवीचे माप तिलाच टिपावयाचे असते, नळ्या तिलाच सांभाळावयाच्या असतात, आणि "सिस्टर, पोरगं वाचन ना वो?" हा आईचा प्रश्नही प्रथम तिच्याच कानी पडतो. मूल गेले, तर त्याचे अंग पुसून ते आईच्या स्वाधीन करावयाचे आणि लागलीच शेजारच्या खाटेकडे वळावयाचे, हेही तिचेच काम.

हे दुःख होणे हा रोग नव्हे. दुःख न होणारी परिचारिका आपल्या मुलाजवळ असावी, असे कोणती आई म्हणेल? परंतु दुःखाला वाट मिळाली नाही आणि विश्रांतीही मिळाली नाही, म्हणजे मनाची होरपळ होते. १९७४ साली फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि कार्यक्षमतेतील घट. संघटनेने तिला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दोष परिचारिकेच्या स्वभावात नसून कामाच्या रचनेत शोधावयाचा, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

काहींना वाटते, परिचारिकेने मन कठोर करावे. हा उपाय जुना आहे आणि तो फसलेला आहे. इझाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका रुग्णालयाचा केलेला अभ्यास १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. तेथे परिचारिकेचा रोग्याशी लळा जडू नये म्हणून कामाचे तुकडे पाडले होते. त्यामुळे चिंता तर टळली नाहीच. उलट कामातले समाधान मात्र गेले आणि शिकाऊ परिचारिका सोडून जाऊ लागल्या.

मग करावे काय? पहिली गोष्ट, मनुष्यबळ. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रोग्यामागे एक परिचारिका, हे प्रमाण कागदावर न राहता खाटेजवळ दिसले पाहिजे. प्राणायामाचे वर्ग उपयोगी खरे. पण ते अपुऱ्या नेमणुकांची भरपाई करू शकत नाहीत. दुसरी गोष्ट, क्षणभर थांबणे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने एक साधी रीत सुरू केली: रोगी गेल्यावर सर्वांनी खाटेभोवती थोडा वेळ निःशब्द उभे राहावयाचे. यास पैसा लागत नाही. तिसरी गोष्ट, बोलण्याची जागा. मूल दगावल्यानंतर डॉक्टर, परिचारिका व आया यांनी एकत्र बसून मन मोकळे करावे. तेथे चूक शोधू नये. आणि ज्या परिचारिकेने लागोपाठ मृत्यू पाहिले, तिला काही दिवस हलके काम द्यावे.

चौथी गोष्ट आपल्या हाती आहे. भीतीने आपला आवाज चढतो आणि तो पहिल्याने तिच्यावरच चढतो. मूल बरे होऊन संत्र्याच्या बागांतून घरी परतताना डॉक्टरांचे आभार आपण आठवणीने मानतो. पुढल्या खेपेस त्या सिस्टरचे नाव विचारून घ्या. आणि ज्यांचे मूल परतले नाही, त्यांच्यासाठीही ती रात्रभर जागलीच होती, हे विसरू नका. तिचे मन शाबूत राहणे हाही पुढच्या बालकाच्या उपचाराचाच एक भाग आहे.