साप : समज आणि गैरसमज



दूध, पुंगी, नागमणी, बदला हे सगळं तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. ते सोडून देतो. (मागून आवाज : 'मंग उरलं काय जी?') उरली अंडी! हसू नका. मे महिना आहे, आणि तुमच्यापैकी कुणाच्या तरी खताच्या ढिगात किंवा तणसाखाली या घडीला अंडी आहेत.

मोठ्या शहरांत हौशी लोक परदेशी बॉल पायथन पाळतात, पेटीत अंडी उबवतात. त्याला सरकारी नोंदणी लागते. आपला देशी साप मात्र घरी पाळता येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात 'प्राणी' म्हटलं की सरपटणाऱ्यांची अंडीही आली. पण त्या हौशी लोकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : ते अंडं फिरवत नाहीत. कोंबडी फिरवते ते चालतं, कारण तिच्या अंड्यात बलक धरून ठेवणारे पिळाचे दोर असतात. सापाच्या अंड्यात ते नसतात. गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो. अंडं उलटलं की तो बलकाखाली दबून मरू शकतो. आणि आपण काय करतो? अंडी बादलीत ओततो, वर फोटो काढतो!

अजगराचं सांगतो. लांबचा नाही, आपल्या नागझिऱ्यातही आहे. १८३०च्या दशकात लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने पॅरिसच्या विद्वानांना सांगितलं, की हिंदुस्थानातली अजगरीण वेटोळं घालून अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताचा प्राणी, आणि ऊब? विद्वानांनी त्याला उडवून लावलं. पुढे १८४१मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगरीण अंड्यांवर बसली. व्हालेन्सिएन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने थर्मामीटर लावला, तर वेटोळ्यात भोवतालच्या हवेपेक्षा चांगलीच जास्त ऊब! ती स्नायू आखडून थरथरते, गारठा वाढला की अधिक वेळा. हे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात मोजलं गेलं, १९६६मध्ये छापून आलं...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. विषय भरकटला असं अध्यक्षसाहेबांचा चेहरा सांगतोय. नाही साहेब, विषय हाच होता.

तर भराभर. अंडी दिसली तर आहेत तशी झाका, वनखात्याला कळवा. नागाच्या अंड्यांना साधारण दोन महिने लागतात. आता घातलेली रोवणीच्या सुमारास फुटतील. जागा खोदावीच लागणार असेल, तर जाणकार माणूस येऊ द्या. तो आधी शिसपेन्सिलीने प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला खूण करेल आणि तीच बाजू वर ठेवून ओलसर मातीत मांडेल. एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवणार नाही. ओल गेली की अंडी पिचकतात.

(प्रश्न : 'अन् घोणसाची अंडी? आमच्या राइस मिलमागं मागच्या साली गवसली होती, फोडून टाकली.')

घोणस अंडी घालतच नाही जी, सरळ पिल्लंच देते. तुमच्या मिलमागे उंदीर खायला धामण येते. फोडलेली अंडी कुणाची होती, ते आता तुम्हीच सांगा.