स्टोइक म्हणजे दगड नव्हे: मार्कस ऑरेलियस आणि अहिल्याबाई

गोंदियातून बोलतोय.

रीलवरचा स्टोइक तुम्ही पाहिलाच असेल. दाढीवाला संगमरवरी चेहरा, मागे जड म्युझिक, आणि संदेश काय, तर कशाचं काही वाटूनच घेऊ नका. हा दाढीवाला बहुतेक वेळा मार्कस ऑरेलियस असतो, इ.स. 161 ते 180 रोमचा सम्राट. त्याची वही ग्रीकमध्ये आहे आणि ती त्याने स्वतःसाठीच लिहिली. मनाचे श्लोक जसे मनाशी बोलतात, तसा हा स्वतःशी बोलतो. ज्याला काही वाटतच नाही, तो स्वतःला रोज इतकं समजावेल कशाला?

त्याला डझनाहून जास्त मुलं झाली, त्यातली निम्म्याहून अधिक त्याच्याआधी गेली. वर साथीचा रोग आणि डॅन्यूबवर लढाई. खजिना आटला तेव्हा त्याने राजवाड्यातलं सामान लिलावात काढलं. म्हणजे 'नशीब' म्हणून बसून राहिला नाही. आपल्याकडे कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत भिजतात तेव्हा पाऊस हातात नसतो, पण झालेलं नुकसान कळवणं हातात असतं. स्टोइक फरक एवढाच आहे जी.

आमगावकडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला: वडील गेले, स्टोइक राहायचंय, पण रडू थांबत नाही. भावा, तुझ्यासाठी रोम कशाला, अहिल्याबाई होळकर घे. 1754 ला कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला, 1766 ला सासरे मल्हारराव, 1767 ला मुलगा मालेराव. तरी 1795 पर्यंत राज्य चालवलं. रील बनवणारा इथेच थांबेल. पण 1791 मध्ये जावई वारला आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने विनवण्या केल्या, ती ऐकेना. जॉन माल्कमने पुढे माळव्यातल्या लोकांकडून ऐकून लिहून ठेवलंय: चितेपाशी बाईंना दोघांनी धरून ठेवावं लागलं. दुःखाने त्यांनी स्वतःचे हात चावले. मग नर्मदेत स्नान करून वाड्यात गेल्या आणि तीन दिवस एक शब्द बोलल्या नाहीत, जेवणही जवळपास नाही.

तेव्हा राज्य हातात घेऊन चोवीस वर्षं झाली होती. चौथ्या दिवशी कुणी त्यांना कमकुवत म्हटलं नाही. त्या उठल्या, आणि लेकीसाठी महेश्वरला छत्री बांधायला घेतली.

पुढच्या भागात सेनेका आणि त्याचा विद्यार्थी नीरो. तो मामला वेगळाच आहे.