गाडी का बंद पडते?



आपल्यापैकी काहींनी निवृत्तीच्या पैशातून जुनी, कार्बोरेटरची मारुती ८०० घेतली. १९८३ साली आलेल्या या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुन्या गाडीची तक्रार ठरलेली: सिग्नलला इंजिन थरथरते आणि बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटर बदला. थांबा! आधी बिनखर्चाची तपासणी करा.

पहिले, एअर फिल्टर काढून बघा, धूळ साचली असेल तर साफ करा. दुसरे, कार्बोरेटरजवळच्या रबरी नळ्या तपासा. नळीला चीर पडली की जादा हवा आत शिरते; मग रेस दिली की इंजिन सुधारते, सोडली की थरथरते. तिसरे, इंजिन थंड झाल्यावर तिन्ही प्लग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला प्लग म्हणजे बहुधा ठिणगीच नाही. तिघांतला एक सिलिंडर बसला की भार उरलेल्या दोघांवर. रिकाम्या जागा न भरल्याने काय होते, हे आपल्याला सांगायला नको! चौथे, आयडल जेटमधला कचरा काढून घ्या. नुसता स्क्रू पिळून रेस वाढवणे म्हणजे दुखणे झाकणे.

दुरुस्ती उद्यावर ढकलू नका. अशी गाडी फाटकात रुळावर बंद पडली तर? आधी माणसे उतरवून रुळांपासून दूर न्या, लगेच गेटमनला सांगा. ब्रेक लावल्यावर आगगाडी थांबायला किती अंतर लागते, ते इंजिन चालवणाऱ्या आपल्या बंधूंना विचारा.